जर्मनाचा थोरला भाऊ

सिनेमा मध्येच थांबवून त्याचा अर्थ सांगत बसणाऱ्या माणसाला शहरात लोक हाकलून देतात. पुण्यात एकदा मलाच एका बाईनं सुनावलं होतं, "अहो, जरा गप्प बसता का?" मी बसले गप्प. पण मनात म्हटलं, बाई, सिनेमा कसा बघतात ते तुम्हाला काय माहीत! तासाभराची एक इंग्रजी फिल्म आमच्या वाडीनं साडेतीन तास बघितली होती आणि संपल्यावर उठायला कुणी तयार नव्हतं. फिल्म एका जर्मन संगीतकाराच्या आयुष्यावर होती आणि ती सांगणारा माझा बाप होता. त्या दुपारचा मला गर्व आहे. कुणी विषय काढला नाही तर मी स्वतः काढते, लोक कंटाळले तरी काढते.

आमची वाडी सणसरच्या पुढं, कालव्याच्या अंगाला. वडलांच्या तरुणपणापर्यंत घरात मेंढरं होती. नव्वदच्या पुढं, मी बारामतीला कॉलेजात जायला लागले तोवर मेंढरं गेली होती, ऊस आला होता, आणि मेंढरांच्या काळातली एकच गोष्ट मागं राहिली होती, ती म्हणजे ओव्या. माझे थोरले चुलते ओव्या गायचे. त्यांना सगळी वाडी आबा म्हणायची. आबा नुसते गायचे नाहीत, रचायचे. बिरोबाच्या जुन्या कथा सगळ्यांनाच येत होत्या. आबा त्यात स्वतःची भर घालायचे. कालव्याचं पाणी पहिल्यांदा आमच्या रानात आलं त्याची ओवी, मेंढरं विकली त्या दिवसाची ओवी, मोठ्या आईला लग्नात पहिल्यांदा बघितलं त्याचीसुद्धा एक ओवी होती. मोठी आई म्हणजे आबांची बायको, माझी चुलती. ती ओवी सुरू झाली की ती लाजून तिथून उठायची, आणि दाराआड उभी राहून पूर्ण ऐकायची.

आमच्याकडं ओवी एकटा माणूस सांगत नाही. गाणाऱ्यानं चार ओळी गायच्या आणि थांबायचं. मग शेजारी बसलेल्यानं त्या ओळींतली गोष्ट साध्या बोलण्यात उलगडून सांगायची, म्हणजे बायाबापड्यांना, पोराटोरांना कळते. तिला सपादणी म्हणतात. ती सांगून झाली की पुन्हा गाणं. आबा गायचे आणि सपादणी माझ्या वडलांची. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. लोक सांगायचे, गाणं आबाचं ऐकावं आणि रडावं तात्याच्या बोलण्यावर.

मी कॉलेजात जाण्याआधी पाच-सहा वर्षं आबा गेले. ओव्या कुठं लिहिलेल्या नव्हत्या, त्या त्यांच्याबरोबर गेल्या. तात्यांनी त्या दिवसापासून चारचौघांत तोंड उघडलं नाही. गाणाराच नाही तर सांगायचं कशाचं? सांगणारा एकटा पडला की त्याला काही कामच उरत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण वाडीत आबांच्या माघारी एक गोष्ट फिरायला लागली, आणि ती फिरवणारा आमच्याच आळीतला एक म्हातारा होता. तात्या पोरवयात फार सुरेख गायचे म्हणे. एकदा मेंढवाड्यात बसून आबांचीच ओवी गात होते. आबांनी ऐकलं आणि असं बदडलं, असं बदडलं, की तात्यांनी पुन्हा आयुष्यात सूर लावला नाही. का बदडलं? धाकटा पुढं जाईल म्हणून. "जळका व्हता, दुसरं काय," म्हातारा म्हणायचा. "सवता गेला आन् गाणीबी संगं घिऊन गेला. भावाला एक ओळ दिली न्हाय."

हे सगळं मोठ्या आईच्या कानावर जायचं. लग्नात, बारशात, पंगतीत कुणीतरी काढायचंच. हळूहळू तिनं जाणं बंद केलं. आणि तात्या? विषय निघाला की टोपी डोक्यावर घालायचे आणि उसाकडं निघून जायचे. त्यांचं ते उठून जाणं लोकांना पुरावा वाटायचं. खरं सांगते, मलाही वाटायचं. बापाला मारणाऱ्या चुलत्याचा मला रागच होता थोडा. आज ते आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

आता कॉलेजचं सांगते. आमचे इंग्रजीचे सर पुण्याहून आलेले, बारामतीत खोली घेऊन राहायचे. पाश्चात्त्य संगीताचं त्यांना वेड होतं, अगदी डोक्यावर परिणाम झाल्यासारखं. पुण्यातल्या कुठल्याशा ग्रंथालयातून ते थोर संगीतकारांच्या जीवनावरच्या माहितीपटांच्या कॅसेटी आणायचे आणि दर गुरुवारी तीन वाजता कोपऱ्यातल्या एका वर्गात लावायचे. टीव्ही लाकडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. यायचे कोण? पाच-सहा जण. मी पहिल्यांदा गेले ते त्या वर्गातला पंखा चालू असायचा म्हणून, आणि माझी एसटी पाचला होती म्हणून. उगाच मोठेपणा कशाला सांगू!

पण एकदा बसले ती बसलेच. एक बहिरा झालेला, एक पस्तिशीतच गेलेला, एक म्हातारपणी राजाश्रय सुटल्यावर लंडनला गेलेला. गंमत वाटायची ती त्या फिल्मच्या घाटाची. वाद्यं वाजायची, मग थांबायची. मग एक गंभीर आवाजाचा माणूस इंग्रजीत बोलायचा. मग पुन्हा वाद्यं. मला वाटायचं, हे तर आमच्यासारखंच आहे. गाणं आणि सपादणी. एकदा मी सरांना म्हटलंही, "सर, आमचे आबा पण असेच होते. ते पण रचायचे." सरांनी चष्मा काढला. "कुठं लिहून ठेवलंय?" मी म्हटलं, "कुठंच नाही." सर बराच वेळ चष्माच पुसत राहिले. मग म्हणाले, "अरेरे. मग गेलं गं ते."

तर हिवाळ्यात कॉलेजचं श्रमदानाचं शिबिर आमच्या वाडीत आलं. सकाळी बांध घालायचा, दुपारी गावासाठी काहीतरी कार्यक्रम. कुणी आरोग्याचं भाषण सुचवलं, कुणी पथनाट्य. आमच्या सरांनी जाहीर करून टाकलं, "आपण त्या जर्मन संगीतकाराची फिल्म दाखवू." सगळे हसले. मुलंच नाही, बाकीचे प्राध्यापकसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसले. मला असा राग आला! मी उभी राहिले आणि म्हटलं, "गाव माझं आहे. मी मराठीत समजावून सांगीन." बोलून गेले, आणि त्याच रात्री वही काढून लिहायला बसले.

टीव्ही आणि व्हीसीआर जीपमधून गोधडीत गुंडाळून आणले. त्या आठवड्यात लाइट दिवसाच असायची, म्हणून कार्यक्रम दुपारी दोनला, शाळेच्या लांब खोलीत. अंधार करायचा तर खिडक्यांना पडदे कुठले? घराघरांतून घोंगड्या आल्या. काळ्या घोंगड्या खिळ्यांना अडकवल्या आणि खोलीत असा काळोख झाला की सर खूश. वाडी झाडून आली होती, कारण टीव्हीवर काहीतरी फुकट होतं. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला. बायांत पुढं मोठी आई बसली होती. माझा कार्यक्रम म्हणून ती आली होती, बऱ्याच दिवसांनी माणसांत. तात्या पार मागं, दाराला टेकून.

मी वहीत सगळं लिहून आणलं होतं. फिल्म सुरू झाली आणि मी वाचायला लागले, "या थोर संगीतकाराचा जन्म एका संगीतप्रेमी कुटुंबात झाला. बालपणापासूनच त्यांना संगीताची अभिरुची होती." दहा मिनिटांत जांभया सुरू झाल्या. बाया आपसांत बोलायला लागल्या. एक आजी म्हणाली, "पोरी, बातम्या लावल्यात व्हय गं?" हशा पिकला. मागून दोघं-तिघं उठले. सरांचा चेहरा मला त्या अंधारातही दिसत होता. मी वाचत राहिले, पण एकच ओळ दोनदा वाचून गेले, आणि शेवटी रडूच येईल असं झालं.

तेव्हा आबांच्या फडात ढोल वाजवणारे एक जण होते ते मोठ्यानं म्हणाले, "आरं, पोरीला कशाला छळताय? ह्ये सपादणीचं काम हाय. तात्याराव, या फुडं."

तात्या दारातनंच म्हणाले, "मला कुठं विंग्रजी येतंय?"

"तुमच्या लेकीला येतंय की! ती तुमच्या कानात सांगंल, तुमी आमाला सांगा. काय वो मंडळी?"

"व्हय, व्हय, या तात्या," असा सगळीकडून आवाज आला. तात्या काही हलेनात. मी बघत होते. त्यांनी एकदा मोठ्या आईकडं बघितलं. ती टीव्हीकडं बघत होती. मग ते माणसांतनं वाट काढत पुढं आले, टीव्हीशेजारी मांडी घालून बसले आणि मला हळूच म्हणाले, "मी हात वर केला की थांबवायचं. खाली केला की चालू."

सर दचकले. "अगं, सारखं पॉज केलं तर व्हीसीआरचं हेड खराब होईल!" मी म्हटलं, "होऊ दे सर." सरांशी तसं बोलायची माझी पहिलीच वेळ.

कॅसेट मागं घेतली. मी कानाशी लागले. चित्र सुरू झालं, तात्यांनी हात वर केला आणि बोलायला सुरुवात केली.

"ऐका मंडळी. मुलूख थंडीचा. वर्साचं चार महिनं जमीन बर्फानं पांढरी. तितं एक घर. आजा वाजवायचा, बाप वाजवायचा, चुलतं वाजवायचं. जशी आपल्याकडं मेंढरं, तसं त्यांच्याकडं सूर. पिढ्यान् पिढ्या त्येच राखायचं. त्या घरात ह्यो शेंडेफळ. लाडाचा. पर धा वर्साचं व्हतंय न व्हतंय तवर आई गेली. आईमागं वरीस भरायच्या आत बाप गेला. मग काय करत्याल? पोराचं बोचकं बांधलं, आन् थोरल्या भावाच्या दारात नेऊन सोडलं."

ढोलवाल्यांनी सवयीनं हुंकार दिला, "व्हय जी!"

मी तेवढंच सांगितलं होतं त्यांच्या कानात, की आईवडील वारले आणि भावाकडं गेला. बोचकं तात्यांचं होतं. त्या एका बोचक्यानं जर्मनीतलं पोर आमच्या वाडीत आणून बसवलं. असा माझा बाप!

पुढं देवळातलं ते प्रचंड वाद्य आलं. तात्या म्हणाले, "ही पेटी. आपल्या भजनातल्या पेटीचा पणजा. नळ्या बघा, छताला टेकल्यात. भाता माराय येगळी माणसं. हातानं वाजवायचं ते वाजवायचंच, वर पायानंबी वाजवायचं." कुणीतरी ओरडलं, "म्हंजी ट्रॅक्टर चालवल्यागत!" तात्या म्हणाले, "अगदी तसंच. फकस्त ह्यो देवाकडं चालला व्हता." लोक असे हसले, की सरसुद्धा हसले. उठून गेलेले परत येऊन बसले होते.

मग तो प्रसंग आला. थोरल्या भावाकडं मोठमोठ्या वस्तादांच्या सुरावटींची एक वही होती. धाकट्यानं मागितली, भावानं दिली नाही. जाळीच्या कपाटात बंद करून ठेवली. पोराचा हात लहान. तो जाळीतून आत जायचा. वहीची गुंडाळी करून तो ती बाहेर काढायचा आणि दिवा मिळत नाही म्हणून चांदण्यात बसून उतरून घ्यायचा. सहा महिने. सगळी उतरून झाली आणि ती उतरलेली वही थोरल्याला सापडली. त्यानं तीही काढून घेतली.

तात्यांनी हे सांगितलं आणि बायांमध्ये एकच कालवा झाला. "आगं बया! लेकराची सा म्हयन्याची म्हेनत!" "मुडदा बशिवला त्या थोरल्याचा!" "हात कसा धजला मेल्याचा!" गडीमाणसंही चुकचुकायला लागली. आणि त्या गलक्यात आमच्या आळीतला तो म्हातारा बोलला. हळू नाही, चांगला ऐकू जाईल असा. "थोरलं समदं सारकंच. आपल्या आबानं तरी काय येगळं केलं?"

मोठ्या आईनं पदर पुढं ओढला. तिच्या शेजारच्या बाईनं तिच्याकडं बघितलं आणि पटकन मान वळवली. माझ्या मनात आलं, आता तात्या टोपी घालणार आणि उठणार.

तात्यांनी हात वर केला. मी पॉज दाबलं. पडद्यावर तो थोरला भाऊ वही हातात घेऊन उभा, चित्र थरथरतंय, मधून एक पांढरी रेघ चाललीये. तात्या म्हाताऱ्याकडं वळून बसले.

"म्हातारबा, त्या दिशी तुमी मेंढवाड्याच्या भाईर व्हता. मी आत व्हतो. आज माझं ऐका."

त्यांनी टोपी मांडीखाली सारली.

"आबानं मला मारलं. खरं हाय. पर मारताना त्योच रडत व्हता, ह्ये तुमाला भाईरनं दिसलं नसंल. त्याच्या चार दिस आदी मी गाता गाता रगत ओकलो व्हतो. आबानं मला पाठुंगळीला घिऊन बारामती गाठली. डागदर म्हनला, पोराची छाती बाद झालीया. लई दिस औषध घ्यावं लागंल, आन् गाणं बंद. पुन्ना ताणलं तर पोरगं हाताला लागायचं न्हाय. आमाला आई न्हाय, बाप न्हाय. आबा त्या दवाखान्याच्या पायरीवर बसला आन् मला म्हनला, शपथ घे. मी घेतली. आन् घरी येऊन चौथ्या दिशी मेंढवाड्यात लपून पुन्ना गाया लागलो. न्हाय राहवलं मला. तवा मारलं त्यानं."

एवढ्यात एक गोष्ट झाली. त्या व्हीसीआरला फार वेळ थांबवून ठेवलं की तो आपोआप सुरू व्हायचा. तसा तो झाला. ती देवळातली पेटी वाजायला लागली. सर पुढं सरकले आणि तसेच थांबले. मी बटणाला हात लावला नाही. तात्या त्या सुरांवर बोलत राहिले, जसे आबांच्या गाण्याशेजारी बसून बोलायचे.

"मग म्हनला, गाऊ नको, पर माझ्यापासनं लांबबी जाऊ नको. तू बोल. फडात सपादणीला दुसरा माणूस व्हता, आबानं त्याचं पाय धरलं, त्याला उठवला आन् ती जागा मला दिली. तुमी आजवर माझ्या बोलण्याचं कवतिक केलं, ती जागा आबानं दिल्याली हाय. आन् छातीचा रोग हाय म्हणून कळलं असतं तर मला पोरगी कुणी दिली असती? म्हणून त्यानं तोंडाला कुलूप घातलं आन् मलाबी घालाय लावलं. मरताना पुन्ना बजावलं, तुझ्या पोरींची लग्नं हुईस्तोवर बोलायचं न्हाय. लोकं त्याला जळका म्हनली. त्यानं म्हनू दिलं."

मग ते पडद्याकडं वळले. "ह्या जर्मनाच्या थोरल्यानं वही का काढून घेतली, मला ठाऊक न्हाय. पर धाकटं चांदण्यात बसून डोळं फोडतंय ह्ये बघून थोरल्याच्या पोटात काय झालं आसंल, त्ये मला ठाऊक हाय. त्याला शिव्या देऊ नगा."

बायांच्या घोळक्यातून माझ्या आईनं कपाळावर हात मारलेला मला दिसला. तिची काळजी खरी होती, माझं लग्न व्हायचं होतं. पुढं दोन स्थळं त्या गोष्टीवरून परत गेलीही. गेली तर गेली. ज्यांना माझ्या बापाची बरी झालेली छाती खुपते त्यांच्या घरात मला भाकरी थापायची नव्हती. हे मी आईला तोंडावर सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या.

फिल्म पुढं चालू ठेवली. तो तरुण झाला, एका म्हाताऱ्या वस्तादाला ऐकायला शेकडो मैल पायी चालत गेला, रजा संपली तरी परतला नाही, आणि मालकानं झापलं. त्यावर मेंढरांमागं कोकणापर्यंत चालणारी आमची माणसं खूश झाली. "आपल्यातलाच हाय की ह्यो!" वीस लेकरं झाल्याचं ऐकून बाया त्याच्या बायकांसाठी हळहळल्या. दोन बायका, पहिली वारली, हेही तात्यांनी सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही.

शेवट मात्र मी त्यांना आधी सांगितला नव्हता. मी ती फिल्म चार वेळा बघितली होती, शेवट मला पाठ होता, पण मला मठ्ठीला दोन टोकं कधी जोडता आली नव्हती. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली. फिल्ममधला गंभीर आवाज म्हणाला, की लहानपणी अपुऱ्या उजेडात सुरावटी उतरताना डोळ्यांवर जो ताण पडला, त्यातूनच हे झालं असं मानतात. मी ते तात्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हनलीस?" मी पुन्हा सांगितलं. "नीट ऐकलंस?" "हो तात्या. तसंच म्हणतोय तो."

तात्यांनी हात वर केला. मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "चांदण्यात ल्हिताना… डोळं अधू झालं व्हतं… म्हातारपणी… पार गेलं."

मग एक बाई म्हणाली, "म्हंजी थोरल्याचं बराबर व्हतं की गं." आणि जिनं मघाशी त्या भावाचा मुडदा बशिवला होता ती हुंदका देऊन रडायला लागली.

आमच्यात कथा संपली, मनाला भिडली, की देवाच्या नावानं भंडारा उधळतात. आळीतला म्हातारा काठी टेकत उठला. त्यानं कमरेची पिशवी सोडली, मूठ भरली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणाला आणि ती सगळी मूठ टीव्हीवर उधळली. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. हळदीचा नुसता धुरळा. "अहो, व्हीसीआर! अहो, आत जाईल! व्हीसीआर!" सर दोन्ही हात पसरून त्या यंत्रावर आडवे पडले आणि नखशिखान्त पिवळे झाले. बारामतीच्या दुरुस्तीवाल्यानं नंतर त्यांना विचारलं म्हणे, की हा स्वयंपाकघरात ठेवता का. पण त्या दिवशी सर हसत होते, आणि डोळे पुसत होते ते हळदीनं चुरचुरत होते म्हणूनच, असं काही मी म्हणणार नाही.

म्हातारा मग मोठ्या आईसमोर जाऊन उभा राहिला. त्यानं हात जोडले. मोठ्या आईनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती उठली, सरळ तात्यांसमोर आली. घोंगड्या अजून खिडक्यांवर होत्या, पण दार उघडलं होतं आणि तेवढा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. तिचा चेहरा मला नीट दिसत होता. ती चिडली होती.

"येवढी वर्सं," ती म्हणाली, "येवढी वर्सं मी खाली मान घालून काढली. मला तरी सांगायचंस. मी काय तुझ्या पोरीची सोयरीक मोडणार व्हते?"

"आबाची आण व्हती, वयनी."

"मग आज कशी मोडलीस?"

तात्या म्हणाले, "लोकांनी त्या जर्मनाच्या थोरल्याला शिव्या दिल्या. मला त्यो आबाच दिसाय लागला. मग न्हाय राहवलं."

मोठ्या आईनं पुढं ओढलेला पदर मागं सारला. मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, "आन् गाणी? मेंढवाड्यात गायलास ती येक तरी ध्यानात हाय का?"

तात्यांनी मान खाली घातली. पोरगं चोरी करताना सापडावं तसे ते दिसत होते.

"ध्यानात हाय. पर ती आबाची. तुमच्या घरातली. तुमी म्हनल्याबिगर मी कशी तोंडात घेऊ?"

"कुठली हाय ध्यानात?"

"समदी," तात्या म्हणाले. "समदी हाईत, वयनी."